सात फूट जमीन: स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई, दोन भाऊ आणि आइसलँडचे सागाकार

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर, डरवेंट नदीच्या काठी स्टॅमफर्ड ब्रिज नावाचं गाव आहे. २५ सप्टेंबर १०६६ या दिवशी, सोमवारी, तिथे इंग्लंडचा राजा हॅरल्ड गॉडविन्सन आणि नॉर्वेचा राजा हाराल्ड सिगुर्दसन यांच्या फौजा समोरासमोर आल्या. नॉर्वेच्या राजाला 'हार्डराडा', म्हणजे कडक राज्य करणारा, असं नाव पुढे चिकटलं. दोन हॅरल्डांचा घोळ होऊ नये म्हणून इथे त्याला हार्डराडाच म्हणतो. या हार्डराडाच्या बाजूने लढायला टोस्टिग उभा होता, आणि टोस्टिग हा इंग्लंडच्या हॅरल्डचा सख्खा भाऊ. दिवस मावळेपर्यंत हार्डराडा आणि टोस्टिग दोघेही मारले गेले. जिंकलेला हॅरल्ड त्यानंतर एकोणीस दिवस जगला. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला नॉर्मंडीच्या विल्यमशी लढताना तोही पडला.

१०६६ म्हटलं की बहुतेकांना हेस्टिंग्ज आठवतं. स्टॅमफर्ड ब्रिजला इंग्रजी इतिवृत्तात फार थोडी जागा मिळाली आहे. ही लढाई सविस्तर, माणसांच्या बोलण्याचालण्यासकट सांगितली ती शेकडो मैल दूरच्या आइसलँडमध्ये, आणि तीही दीडशेहून अधिक वर्षांनी. ती सांगताना तिथल्या लेखकांनी दोन राजांच्या झुंजीपेक्षा दोन भावांच्या बोलण्याला मधोमध बसवलं. त्यांनी असं का केलं असावं, आणि त्यातलं खरं किती धरायचं, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

सागा म्हणजे काय

सागा म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतलं गद्य कथन. बाराव्या ते चौदाव्या शतकात, मुख्यतः आइसलँडमध्ये, वासराच्या कातड्याच्या पानांवर ते लिहिलं गेलं. काही सागा आइसलँडच्या शेतकरी घराण्यांच्या वैराच्या आहेत, काही दंतकथेतल्या वीरांच्या, आणि काही नॉर्वेच्या राजांच्या. आपल्याकडची बखर डोळ्यांसमोर आणली की राजांच्या सागाचा अंदाज येतो. घटना खरी, माणसं खरी, पण लिहिणारा पुष्कळ नंतरचा, आणि प्रसंग रंगवताना पात्रांच्या तोंडी संवाद घालायला त्याला संकोच नाही. बखरीतलं तारीखवार जसं तपासून घ्यावं लागतं, तसंच इथेही.

स्टॅमफर्ड ब्रिजची कथा तीन राजसागांत येते. 'मोर्किनस्किन्ना' आणि 'फाग्रस्किन्ना' हे दोन संग्रह साधारण १२२० च्या सुमाराचे, आणि 'हाइम्सक्रिंगला' १२३० च्या आसपासचा. हा तिसरा ग्रंथ स्नोरी स्टुर्लुसन याच्या नावावर आहे. स्नोरी (११७९–१२४१) कवी होता, कायदेपंडित होता, आइसलँडच्या सर्वांत श्रीमंत आणि महत्त्वाकांक्षी सरदारांपैकी एक होता.

स्नोरीजवळ एक असं साधन होतं की त्यामुळे सागा निव्वळ कल्पनेच्या पलीकडे जाते. ते म्हणजे दरबारी कवींच्या रचना. या कवींना स्काल्ड म्हणत. ते राजाबरोबर लढाईवर जात आणि जे पाहिलं ते अतिशय बांधीव छंदात रचत. छंद इतका घट्ट की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ओळ मोडते. म्हणून या रचना पिढ्यान् पिढ्या फारशा न बदलता तोंडी टिकल्या. स्नोरीने प्रस्तावनेत आपला तर्क दिला आहे: राजाच्या समोर, सगळ्या दरबारादेखत, त्याने न केलेले पराक्रम गाण्याची हिंमत कुणी करणार नाही, कारण ती स्तुती न होता चेष्टा होईल. आजच्या इतिहासकारांना हा तर्क पुरेसा वाटत नाही. स्तुती करणारा काय गाळतो हा प्रश्न उरतोच. पण पुराव्यामागे काय निकष लावला हे तेराव्या शतकातला एक लेखक उघडपणे सांगतो, याचं मला फार अप्रूप आहे.

भांडण कशावरून झालं

आधी इंग्रजी साधनांतून दिसणारी हकीकत पाहू.

वेसेक्सचा अर्ल गॉडविन हा एडवर्ड राजाच्या काळातला सर्वांत बलाढ्य सरदार. अर्ल म्हणजे राजाच्या वतीने मोठा प्रांत सांभाळणारा. गॉडविनची बायको ग्यूथा डेन्मार्कची. मुलगी एडिथ राजाला दिलेली. १०५३ मध्ये गॉडविन वारला आणि हॅरल्डने वडिलांची जागा घेतली. १०५५ मध्ये धाकट्या टोस्टिगला उत्तरेचा नॉर्थम्ब्रिया प्रांत मिळाला. १०६३ मध्ये दोघा भावांनी मिळून वेल्सवर स्वारी केली, एकाने समुद्रातून आणि दुसऱ्याने जमिनीवरून. तोवर त्यांच्यात वितुष्ट असल्याची खूण दिसत नाही.

ठिणगी पडली १०६५ च्या ऑक्टोबरमध्ये. टोस्टिगने लादलेले जबर कर आणि त्याच्या काळात झालेल्या स्थानिक सरदारांच्या हत्या यांमुळे नॉर्थम्ब्रियाची माणसं उठली. त्यांनी यॉर्कमध्ये घुसून टोस्टिगचे शिपाई कापले, खजिना लुटला आणि मर्सियाच्या अर्लचा भाऊ मॉर्कार याला आपला अर्ल म्हणून निवडलं. मग ते दक्षिणेकडे चालून आले. राजाच्या वतीने बोलणी करायला गेला हॅरल्ड. शेवटी बंडखोरांच्या मागण्या मान्य झाल्या आणि टोस्टिगला देश सोडावा लागला.

टोस्टिगच्या मनात पक्कं बसलं की हे बंड भावानेच घडवून आणलं. राणी एडिथसाठी लिहिलेल्या एडवर्डच्या चरित्रात हा प्रसंग आहे: टोस्टिगने राजासमोर हॅरल्डवर उघड आरोप केला, आणि हॅरल्डने शपथ घेऊन तो नाकारला. पुढे ५ जानेवारी १०६६ ला एडवर्ड निपुत्रिक वारला, दुसऱ्याच दिवशी हॅरल्डने मुकुट घातला, आणि थोड्याच काळात त्याने त्याच मॉर्कारच्या बहिणीशी लग्न केलं. परदेशात बसलेल्या टोस्टिगला हे कसं वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता सागा काय सांगते ते पाहा. तिच्यात नॉर्थम्ब्रियाचं बंड नाहीच. सागेत टोस्टिग हा गॉडविनचा थोरला मुलगा होतो आणि हॅरल्ड सर्वांत धाकटा. थोरला राज्याचा सेनापती, धाकटा राजाच्या घरात वाढलेला लाडका आणि खजिन्याचा रखवालदार. राजाच्या मरणशय्येवर हॅरल्ड वाकून कान लावतो आणि जमलेल्यांना म्हणतो, राजाने आत्ताच राज्य मला दिलं, तुम्ही साक्षी आहात. टोस्टिग म्हणतो, देशाच्या सरदारांनी मिळून ठरवावं, सर्वांत लायक असेल तो राजा व्हावा. हॅरल्ड नकार देतो आणि मग भावाच्या भीतीने त्याचं सेनापतिपद काढून घेतो.

एवढ्यावर सागा थांबत नाही. मॉर्कारलाही ती गॉडविनचा मुलगा करते, म्हणजे टोस्टिग आणि हॅरल्डचा भाऊ! स्टॅमफर्ड ब्रिजच्या पाच दिवस आधी, २० सप्टेंबरला, यॉर्कजवळ फुलफर्डला पहिली लढाई झाली आणि ती हार्डराडाने जिंकली. सागेत मॉर्कार त्या लढाईत मरतो. प्रत्यक्षात तो वाचला आणि पुढे कित्येक वर्षं जगला. म्हणजे सागेच्या हिशेबाने स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर टोस्टिग उभा आहे तो एका भावाच्या मरणाला कारण होऊन, दुसऱ्या भावासमोर.

या चुका अज्ञानातून आल्या असतील. दूरच्या देशातली नाती सांगोवांगी बदलतात. पण त्या सगळ्या एकाच दिशेने झुकतात. करवसुली, प्रांताचा असंतोष, दरबारातली सोयरीक असलं राजकारण गळून पडतं आणि उरतं एका घरातलं भांडण, ज्यात थोरल्याचा हक्क डावलला गेला आहे. लढाईच्या आधीच वाचकाचं मन टोस्टिगकडे वळवून ठेवलेलं असतं.

अपशकुनांची रांग

हार्डराडाकडे टोस्टिग कसा पोचला, यावर सागेत एक छान प्रकरण आहे. आधी तो डेन्मार्कच्या स्वेन राजाकडे जातो. स्वेन त्याचा मामेभाऊ. टोस्टिग म्हणतो, तुझ्या क्नूट मामाने इंग्लंड जिंकलं होतं, तूही जिंक. स्वेन उत्तर देतो की क्नूटच्या तुलनेत मी फार लहान माणूस, मला डेन्मार्क राखता राखता नाकी नऊ येतात. मग टोस्टिग नॉर्वेला जातो. हार्डराडाला तो सुनावतो की उत्तरेत तुझ्यासारखा योद्धा जन्मला नाही असं सगळे म्हणतात, मग पंधरा वर्षं डेन्मार्कसाठी झगडलास आणि समोर मोकळं पडलेलं इंग्लंड नको म्हणतोस, याचं नवल वाटतं. एकाला आपली मर्यादा ठाऊक आहे, दुसऱ्याला डिवचणं पुरतं. दोन छोट्या संवादांत सागेने दोन राजे उभे केले आहेत.

हार्डराडाचं आयुष्य विलक्षण होतं. १०३० मध्ये, पंधराव्या वर्षी, तो आपल्या सावत्र भावाच्या, ओलाफ राजाच्या बाजूने स्टिकलेस्टाडच्या लढाईत उतरला. पोर आहेस, बाजूला हो, असं ओलाफ म्हणाला, तेव्हा हा म्हणाला की तलवार पेलत नसेल तर माझा हात मुठीला बांधा. ओलाफ त्या लढाईत पडला आणि पुढे संत मानला गेला. हार्डराडा जखमी होऊन निसटला, कीव्हला गेला, तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाऊन बायझंटाईन सम्राटाच्या वारांगी पहारेकऱ्यांत लढला, अमाप सोनं घेऊन परतला आणि नॉर्वेचा राजा झाला. भावासाठी जीव द्यायला निघालेला हा मुलगा छत्तीस वर्षांनंतर दुसऱ्याच भावांच्या भांडणात मरणार आहे. सागा हे बोलून दाखवत नाही. दोन्ही प्रसंग एकाच ग्रंथात, काही प्रकरणांच्या अंतराने, ठेवून देते.

इंग्लंडला निघण्यापूर्वी हार्डराडा निडारोसला, म्हणजे आजच्या ट्रॉनहाइमला, ओलाफची पेटी उघडतो, संताचे केस आणि नखं कापतो, पेटी पुन्हा बंद करतो आणि किल्ली निड नदीत फेकून देतो. मग स्वप्नं सुरू होतात. गीर्द नावाच्या माणसाला स्वप्नात एक राक्षसीण दिसते, हातात सुरा आणि काठवट, आणि प्रत्येक जहाजाच्या नाळेवर एकेक कावळा. थोर्दला दिसते ती लांडग्यावर स्वार झालेली; लांडग्याच्या तोंडात प्रेत, रक्त गळतंय, एक संपलं की ती दुसरं भरवते. शेवटी स्वतः ओलाफ राजाच्या स्वप्नात येऊन सावध करतो.

आजच्या वाचकाला हा भाग पाल्हाळ वाटू शकतो. पण सागेची ही रीतच आहे. शेवट लपवून उत्कंठा वाढवण्यात सागाकाराला रस नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक होताच. शेवट माहीत असताना माणूस त्याच्याकडे कसा चालत जातो, हे त्याला दाखवायचं असतं.

घोड्यावरचा तो छोटा माणूस

फुलफर्ड जिंकल्यावर यॉर्क शरण आलं. ओलीस ठेवायची माणसं स्टॅमफर्ड ब्रिजला ताब्यात घ्यायची ठरली. सागा म्हणते की दिवस कडक उन्हाचा होता, म्हणून नॉर्वेच्या लोकांनी चिलखतं रिकॉल गावाजवळ जहाजांवरच ठेवली. ढाली, शिरस्त्राणं, भाले आणि तलवारी घेऊन निघाले, बरेच जण तर हसतखेळत. तीनातला एक माणूस जहाजांपाशी राहिला.

वाटेत समोर धुळीचा लोट दिसला. त्याखाली ढाली आणि चिलखतं चमकत होती. जसजसं जवळ आलं तसतसं सैन्य वाढतच गेलं, आणि शस्त्रं बर्फाच्या तुकड्यांसारखी लखलखू लागली. हॅरल्ड दक्षिणेतून सुमारे तीनशे किलोमीटर इतक्या झपाट्याने आला होता की कुणाला सुगावा लागला नव्हता. टोस्टिगने सुचवलं की जहाजांकडे मागे फिरावं. हार्डराडाने त्याऐवजी उरलेल्यांना आणायला तीन स्वार पिटाळले आणि इथेच उभं राहायचं ठरवलं.

फळीची पाहणी करताना हार्डराडाचा काळा घोडा अडखळला आणि राजा खाली आला. तो चटकन उठून म्हणाला, प्रवासात पडणं शुभ असतं. पलीकडून इंग्लंडचा हॅरल्ड पाहत होता. त्याने विचारलं, निळा अंगरखा आणि देखणं शिरस्त्राण घातलेला तो धिप्पाड माणूस कोण? राजा आहे हे कळल्यावर म्हणाला, माणूस भव्य आहे खरा, पण त्याचं नशीब आता संपलं असं दिसतं. एकाच पडण्याचे दोन अर्थ सागाकार शेजारी शेजारी ठेवतो आणि स्वतः काही म्हणत नाही.

आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी मी ही सागा पुन्हा पुन्हा उघडतो.

इंग्रज फौजेतून वीस घोडेस्वार पुढे येतात. माणसं आणि घोडी दोन्ही चिलखतात. त्यांतला एक विचारतो,

"अर्ल टोस्टिग या सैन्यात आहेत का?"

"आहे, हे लपवण्यात अर्थ नाही."

"तुमचे बंधू राजे हॅरल्ड यांनी नमस्कार कळवला आहे. तुम्हाला अभय आहे, सगळं नॉर्थम्ब्रिया तुमचं. तुम्ही त्यांच्याकडे यावं म्हणून ते राज्याचा तिसरा हिस्सासुद्धा देतील."

टोस्टिग म्हणतो, "गेल्या हिवाळ्यातल्या वैरापेक्षा आणि अपमानापेक्षा हे बोलणं वेगळं आहे. तेव्हाच असं म्हटलं असतं तर आज मेलेले कितीतरी लोक जिवंत असते. बरं, मी हे मान्य केलं, तर राजा हाराल्ड सिगुर्दसनला त्याच्या कष्टांबद्दल काय मिळेल?"

"त्याबद्दलही ते बोलले आहेत. इंग्लंडची सात फूट जमीन. आणि तो इतरांहून उंच आहे, तर लागेल तितकी आणखी."

"मग जा, आणि राजा हॅरल्डला सांगा लढाईची तयारी करायला. टोस्टिगने हाराल्डला सोडलं आणि तो शत्रूला जाऊन मिळाला, असं नॉर्वेच्या लोकांच्या तोंडून कधी निघणार नाही."

स्वार परत जातात. हार्डराडा विचारतो, इतकं सुरेख बोलणारा तो माणूस कोण होता?

"तो राजा हॅरल्ड गॉडविन्सन होता," टोस्टिग म्हणतो.

हार्डराडा चिडतो. हे मला फार उशिरा कळलं, ते आपल्या फळीच्या इतके जवळ होते की हा हॅरल्ड आपल्या माणसांच्या मरणाची बातमी सांगायला परत गेला नसता. टोस्टिग मान्य करतो की अशा मोठ्या माणसाने एवढं जवळ येणं गाफीलपणाचं होतं, आणि तुम्ही म्हणता तसं घडलंही असतं. मग म्हणतो, तो मला अभय आणि राज्य द्यायला आला होता हे मला दिसत होतं. तो कोण हे मी सांगितलं असतं तर मी त्याचा मारेकरी झालो असतो. त्याच्यापेक्षा तो माझा मारेकरी झालेला मला चालेल.

हार्डराडा आपल्या माणसांकडे वळून एवढंच म्हणतो, "माणूस लहान होता, पण रिकिबीत ताठ उभा होता."

या प्रसंगाची बांधणी पाहण्यासारखी आहे. स्वार कोण आहे हे सागा आपल्यालाही सांगत नाही. आपण हार्डराडाच्या बाजूला उभे राहून ऐकतो आणि कळतं ते त्याच्याबरोबरच. कळल्यावर सगळा संवाद मागे जाऊन पुन्हा ऐकावा लागतो: 'तुमचे बंधू' म्हणणारा स्वतः भाऊच होता, आणि ऐकणाऱ्याने त्याला पहिल्या शब्दालाच ओळखलं होतं. दोघांनीही ओळख दाखवली नाही. मनातलं काही लिहिण्याची पद्धत सागेत नाही, कोण हळहळलं, कुणाचा गळा दाटला असली वाक्यं नाहीत, तरीही या वीसेक ओळींत दोन भावांचं सगळं नातं उघडं पडतं.

टोस्टिगची कोंडीही नेमकी आहे. दिलेला शब्द त्याला हार्डराडाशी बांधतो, रक्त हॅरल्डशी. शब्द पाळायचा तर भावाशी लढलं पाहिजे. भाऊ जगवायचा तर मित्रापासून काही लपवलं पाहिजे. तो दोन्ही करतो. देकार नाकारतो आणि नावही लपवतो. मध्ययुगीन उत्तरेत निष्ठा ही समाजाची धारण होती. दोन निष्ठा एकमेकींवर आदळल्या की माणूस काय करतो, हा सागांचा आवडता प्रश्न. इतकं स्वच्छ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या राजसागेत पाहिलेलं नाही.

हे खरंच घडलं असेल का? जवळपास नक्कीच नाही. कुठल्याही इंग्रजी साधनात याचा मागमूस नाही, आणि झडप घालण्याचा फायदा हातात असताना राजाने वेष लपवून शत्रूच्या फळीपुढे जाणं पटत नाही.

लढाई: काय घडलं, काय रचलं

चिलखत नसलेला हार्डराडा लढाईच्या तोंडावर एक कविता म्हणतो: आम्ही चिलखताविना, निळ्या पात्यांखाली पुढे जातो. मग म्हणतो, ही काही चांगली जमली नाही, दुसरी करायला हवी. आणि अधिक अवघड दरबारी छंदात नवी रचतो, ढालीआड मान न घालण्याबद्दल. मृत्यू समोर असताना आपली कविता सुधारणारा राजा! स्नोरी स्वतः कवी होता. हा तपशील त्याने किती प्रेमाने ठेवला असेल.

पुढची लढाई सागेत अशी. नॉर्वेची फौज गोल रिंगण करून ढाली एकमेकींना भिडवते. इंग्रज घोडदळ भोवती फिरून हल्ले करतं आणि परततं. शेवटी नॉर्वेचे लोक रिंगण मोडून पाठलाग करतात आणि सापडतात. हार्डराडा दोन्ही हातांनी वार करत पुढे घुसतो आणि त्याच्या गळ्यात बाण लागतो. टोस्टिग राजाचा झेंडा हाती घेतो. या झेंड्याला 'भूमीचा विध्वंस करणारा' असं नाव होतं. हॅरल्ड पुन्हा एकदा भावाला आणि उरलेल्यांना अभय देऊ करतो. नॉर्वेचे लोक ओरडतात की एकमेकांवर पडून मरू, पण अभय नको. मग जहाजांकडून आइस्टाइन ओरी ताज्या दमाची माणसं घेऊन येतो, पण चिलखतात धावत आल्यामुळे ती आधीच अर्धमेली झालेली असतात.

इथे इतिहासकार थबकतात. इंग्रज सरदार घोड्यावरून रणांगणापर्यंत जात, पण लढत ते पायी उतरून. घोडदळाचे हल्ले, शिस्त मोडून केलेला पाठलाग, बाणाने पडलेला राजा, हे सगळं हेस्टिंग्जच्या वर्णनांशी संशय यावा इतकं जुळतं. तीन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन लढायांच्या आठवणी दीडशे वर्षांत एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि मलाही तेच पटतं.

उलट, इंग्रजांकडे एक गोष्ट आहे जी या सागांमध्ये नाही. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताच्या एका हस्तलिखितात, नंतरच्या हाताने जोडलेल्या ओळींत, नॉर्वेचा एक एकटा योद्धा येतो. तो पूल अडवून उभा राहतो. इंग्रजांना पुढे सरकता येत नाही, बाणानेही तो हटत नाही. शेवटी एक जण पुलाखाली जातो आणि खालून, चिलखताच्या आतून, त्याला भोसकतो. चिलखतं जहाजांवर राहिली या सागेच्या गोष्टीशी हे जुळत नाही, तेही लक्षात घ्या. मला मात्र यात दुसरंच काही मोलाचं वाटतं. इंग्रजांनी शत्रूचा निनावी वीर जपून ठेवला, आणि उत्तरेकडच्यांनी शत्रूच्या राजाचं धैर्य आणि त्याचं सात फुटांचं उत्तर. दोन्हीकडच्या लोकांनी ही लढाई समोरच्याच्या शौर्यातून लक्षात ठेवली.

पराभवाचा आकडा इंग्रजी इतिवृत्तात आहे: सुमारे तीनशे जहाजांनी आलेले लोक चोवीस जहाजांत परत गेले. हार्डराडाच्या मुलाला, ओलाफला, हॅरल्डने शपथ घेऊन जाऊ दिलं. आणि हार्डराडाचा स्वतःचा दरबारी कवी थ्योडोल्फ, जो राजासोबत तिथे होता, त्याने राजा पडल्यावर रचलेल्या ओळी सागेने जपल्या आहेत. लोकांनी जबर किंमत मोजली, तो म्हणतो. हाराल्डने त्यांना विनाकारण या मोहिमेवर नेलं. स्तुतीसाठी पोसलेल्या कवीने हे म्हणावं, आणि राजांच्या सागेत ते तसंच राहावं, हा या साहित्याचा खरेपणा आहे.

टोस्टिगवर एवढी माया का

इंग्रजी साधनांतला टोस्टिग जुलमी आहे, १०६६ च्या उन्हाळ्यात स्वतःच्याच देशाचे किनारे लुटत फिरलेला. बाराव्या शतकातला माम्झबरीचा विल्यम सांगतो की त्याचं प्रेत खांद्यांमधल्या चामखिळीवरून ओळखलं आणि यॉर्कला पुरलं. मग आइसलँडच्या लेखणीतून त्याला एवढी उंची कशी मिळाली?

उत्तर हार्डराडाच्या सागेत शेवटाकडे एका वंशावळीत सापडतं, आणि बहुतेक वाचक ती ओलांडून जातात. ओलाफबरोबर नॉर्वेला परतलेल्यांत टोस्टिगचा मुलगा स्कुली होता, असं स्नोरी सांगतो. हा स्कुली नॉर्वेत मोठा झाला, राजाच्या नात्यातल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. त्याचा मुलगा आसोल्फ, त्याचा गुट्टोर्म, त्याचा बार्ड. आणि बार्डचे मुलगे राजा इंगे आणि ड्यूक स्कुली. हा शेवटचा स्कुली स्नोरीचा आश्रयदाता. १२१८ ते १२२० या काळात स्नोरी नॉर्वेत त्याच्याकडे राहिला, त्याच्यावर आणि तरुण राजा होकोनवर त्याने मोठं स्तुतिकाव्य रचलं.

म्हणजे टोस्टिग हा स्नोरीच्या यजमानाचा पूर्वज. शब्दाला जागलेला, हक्क डावललेला, तरीही भावाचा जीव वाचवणारा टोस्टिग त्या घराण्याच्या आठवणीत आधीपासून असणार आणि त्यांच्या ओसरीवर तो आवडीने ऐकला जात असणार. आणखी एक जुळणी पाहा. १२१७ मध्ये राजा इंगे वारला तेव्हा त्याच्या भावाला, स्कुलीला, गादी मिळाली नाही. कोवळ्या होकोनला राजा केलं आणि स्कुलीला राज्याचा तिसरा हिस्सा देण्यात आला. सागेतला हॅरल्डही टोस्टिगला तिसराच हिस्सा देऊ करतो. हा योगायोग असू शकतो. पण स्कुलीच्या सभेत हा प्रसंग वाचला गेला असेल, तर त्या दोन शब्दांवर कुणाचे कान टवकारले नसतील असं मला वाटत नाही.

भावांचं वैर स्नोरीला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तेराव्या शतकातलं आइसलँड त्याच्याच घराण्याच्या नावाने ओळखलं जातं, स्टुर्लुंगांचं युग म्हणून, इतकी त्यात भाऊबंदकी माजली होती. १२३६ मध्ये त्याचा सख्खा भाऊ सिग्वात आणि पुतण्या स्टुर्ला यांच्या बाजूने त्याच्यावर चाल झाली आणि त्याला रेकहोल्टचं घर सोडून पळावं लागलं. दोन वर्षांनी ते दोघे ओर्लिग्सस्टाडिरच्या लढाईत मारले गेले. नॉर्वेत स्कुलीने अखेर होकोनविरुद्ध बंड केलं आणि १२४० मध्ये तो मारला गेला. स्नोरी स्कुलीच्या पक्षाचा ठरला होता. २३ सप्टेंबर १२४१ ला, होकोनच्या हुकमावरून, त्याचाच पूर्वीचा जावई गिसूर याची माणसं रेकहोल्टला आली आणि त्यांनी स्नोरीला तळघरात गाठून मारलं.

हार्डराडाची सागा 'हाइम्सक्रिंगला'चा एक भाग आहे आणि इंग्रजीत तिची एकाहून अधिक भाषांतरं मिळतात; एकोणिसाव्या शतकातलं जुनं भाषांतर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर टोस्टिग डेन्मार्कच्या राजाकडे जातो तिथून सुरुवात करा, आणि स्कुलीची वंशावळ संपेपर्यंत थांबू नका.